दिवा लागतो म्हणजे वायरिंग ठीक आहे असे नाही

गेल्या मे महिन्यातील गोष्ट. इंदूरच्या कडेला, जिथे वसाहत संपते आणि सोयाबीन-गव्हाची शेते सुरू होतात, तिथल्या एका कुटुंबाच्या भेटीस आम्ही गेलो होतो. दुपारची वेळ, बाहेर लू चाललेली. घरातील आजी चालू कूलरमध्ये बादलीने पाणी ओतीत होत्या. कूलरच्या पत्र्याला ओला हात लागला आणि त्या किंचाळून मागे फेकल्या गेल्या. हात सुटला म्हणून वाचल्या. पत्र्याला पकडून राहिल्या असत्या, तर आम्हाला त्या घरी पुन्हा वेगळ्याच कामासाठी जावे लागले असते.

मागाहून कारण शोधले. घर तीस वर्षांचे. त्या वेळच्या मिस्त्रीने अर्थिंगची तार नळाच्या लोखंडी पाइपला बांधली होती. तीन वर्षांपूर्वी गंजलेला पाइप काढून प्लास्टिकचा बसविला. पाणी छान येऊ लागले, पण त्याच दिवशी साऱ्या घराचे अर्थिंग नाहीसे झाले. कोणालाही कळले नाही. कळणार कसे? दिवे लागत होते, पंखे फिरत होते.

वाचक बंधुभगिनींनो, आज सांगायची मुख्य गोष्ट हीच. फेजची तार तुटली तर दिवा विझतो. न्यूट्रल तुटली तरी विझतो. फ्यूज उडाला तर अंधार होतो आणि आपण वायरमनला बोलावतो. पण अर्थिंग तुटले तर काहीच होत नाही. ते गुपचूप मरते, आणि ते मेले हे पहिल्यांदा कळते ते कोणाला तरी करंट लागतो तेव्हाच. म्हणून ते मुद्दाम तपासावे लागते.

अर्थिंग काय करते?

घरातील वीज २३० व्होल्टची असते. कूलर, फ्रिज, गीझर, पाण्याची मोटर यांच्या आत एखादी तार झिजली, तर ती वीज बाहेरच्या पत्र्यात उतरते. तीन पिनांच्या प्लगमधील जाड, लांब पिन त्या पत्र्याला हिरव्या तारेने जमिनीशी जोडते. जोडणी चांगली असेल तर वीज एकदम जमिनीत धावते, फ्यूज उडतो किंवा एमसीबी पडते, आणि धोका टळतो. जोडणी नसेल तर पत्रा भरलेला राहतो आणि वाट पाहतो. जो ओल्या पायाने त्याला हात लावील, त्याचे शरीरच जमिनीपर्यंतची तार बनते.

ओल्या शरीरातून अशा वेळी २०० मिलिअँपिअरच्या आसपास वीज जाऊ शकते. १०० वॉटच्या बल्बला याहून जास्त लागते. पण हृदयाची लय बिघडवायला याच्या चौथ्या हिश्श्याएवढी वीजही पुरते.

आपल्या काळ्या मातीचा स्वभाव

माळव्यातील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. पण अर्थिंगचा पाइपही याच मातीत असतो. माती सुकून पाइपापासून सुटली की अर्थिंग कमजोर पडते. म्हणजे ज्या एप्रिल-मे महिन्यांत कूलर रात्रंदिवस चालतो, नेमके तेव्हाच अर्थिंग सर्वांत दुबळे असते. म्हणून होळीनंतर अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्यातून एकदा दोन बादल्या पाणी ओतावे.

खड्डा नवा करायचा असेल तर निदान अडीच मीटर लांबीचा, ४० मिलिमीटर व्यासाचा जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप उभा पुरावा, भोवती कोळसा आणि मीठ भरावे, आणि वरचे तोंड दिसेल असे झाकण ठेवावे. मीठ काही वर्षांनी पाइप खाते, म्हणून खड्डा कायम दिसला पाहिजे. त्या घरून परतल्यावर आम्ही आधी आपल्या चर्चशेजारच्या निवासाचे अर्थिंग शोधले. फरश्या बसविताना खड्डा त्यांच्याखाली गाडला गेला होता! दुसऱ्यांना सांगण्याआधी आम्हालाच फरशी उखडावी लागली.

दुसरा पहारेकरी

जुन्या घरात एकच सुधारणा करायची ऐपत असेल, तर ती आरसीसीबीची करावी. एमसीबी जास्त भार आणि शॉर्ट सर्किट यांपासून वायरिंग वाचविते, माणसाला नव्हे. आरसीसीबी ही गेलेली आणि परत आलेली वीज सारखी आहे का, हे पाहते. मध्येच ३० मिलिअँपिअर वीज कुठे गळली, तर सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत ती घराचा पुरवठा तोडते. मात्र एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरली, तर तिलाही काही कळत नाही. ती अर्थिंगच्या जोडीला असते, त्याच्या जागी नव्हे. तिच्यावरील ‘टी’ हे बटन महिन्यातून एकदा दाबावे. दाबताच वीज गेली नाही, तर ती बदलावी.

कारागीर कसा निवडावा?

त्या कुटुंबाने बोलाविलेला पहिला मिस्त्री म्हणाला, “फादर, खड्डा कशाला? बोर्डातच तिसरे भोक न्यूट्रलला जोडून देतो. दहा मिनिटांचे काम.” हा जुगाड अनेक घरांत आहे, आणि तो अर्थिंग नसण्याहूनही वाईट आहे. पुढे कधी न्यूट्रल तुटली की काही बिघाड नसताना घरातील प्रत्येक पत्र्यात २३० व्होल्ट उतरतात. आम्ही त्याला नमस्कार केला आणि दुसरा शोधला.

१९५६ च्या वीज नियमांत हे स्पष्ट होते, आणि नंतरच्या नियमांनीही तीच रीत ठेवली: दिवा, पंखा, फ्यूज, बटन बदलणे घरच्या माणसाला चालते, पण नवी वायरिंग किंवा जुनीत वाढ ही परवानाधारक ठेकेदाराकडून आणि परमिट असलेल्या वायरमनकडूनच करून घ्यावी. तेव्हा काम देण्याआधी आणि पैसे चुकते करण्याआधी पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. परमिट दाखवायला सांगावे. खरा वायरमन याचा राग धरीत नाही.

२. कागदावर लिहून घ्यावे: किती पॉइंट, कोणती तार, खड्डा कोण करणार. दिव्यांना दीड चौरस मिलिमीटर, मोठ्या प्लगला अडीच, गीझरला चार अशी तांब्याची तार साधारणपणे धरतात. तारेवर आयएसआय खूण असावी आणि सामानाचे बिल आपल्या नावाचे असावे.

३. प्रत्येक प्लगपर्यंत हिरवी तार गेलीच पाहिजे. बोर्ड बंद करण्यापूर्वी डोळ्यांनी पाहावी.

४. प्लास्टर होण्याआधी भिंतीतील पाइपांचे फोटो काढून ठेवावेत. पुढे खिळा ठोकताना उपयोगी पडतात.

५. शेवटचा हप्ता मोजणीनंतरच द्यावा. अर्थ टेस्टरने अर्थिंग मोजावे; आकडा ५ ओहमच्या आत आला तर उत्तम. मेगरने तारांचे आवरण तपासावे; आकडा निदान १ मेगओहम यावा. नुसता बल्ब लावून “अर्थिंग झाले” म्हणणाऱ्यावर विसंबू नये. १०० वॉटच्या बल्बला अर्धा अँपिअरही लागत नाही. तो कमजोर अर्थिंगवरही पेटतो आणि न्यूट्रलच्या जुगाडावरही.

मीटर, त्याआधीची तार आणि खांब यांना खाजगी मिस्त्रीने हात लावू नये. २००५ पासून आपल्या भागात हे काम पश्चिम क्षेत्र विद्युत वितरण कंपनीकडे आहे. तक्रारीसाठी १९१२ हा क्रमांक आहे. शेतातील मोटर आणि स्टार्टरच्या पेटीलाही वेगळे अर्थिंग हवे. आणि नीलगाय, डुकरे अडविण्यासाठी कुंपणात घरची वीज सोडणे हा गुन्हा तर आहेच, पण त्या तारेला पहाटे पहिला हात बहुधा घरच्याच माणसाचा लागतो.

करंट लागला तर

माणसाला हात लावू नये. आधी मेन स्विच बंद करावा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने किंवा प्लास्टिकच्या खुर्चीने त्याला तारेपासून दूर ढकलावे. श्वास नसेल तर त्याला उताणे निजवून छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोराने दाबावे: मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे ५ सेंटिमीटर खोल. दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. मदत येईपर्यंत थांबू नये. अंगाला माती थापण्यात किंवा वाळूत पुरण्यात वेळ घालवू नये. त्याच मिनिटांत जीव जातो. माणूस उठून बसला तरी दवाखान्यात नेऊन हृदयाचा आलेख काढावा, कारण वीज आतून जाळते आणि कातडीवर डाग लहान दिसतो.

त्या घरी आता नवा खड्डा आहे, आरसीसीबी आहे, आणि साऱ्याचा खर्च कूलरच्या किमतीहून कमी आला. आजी पाणी ओतण्याआधी प्लग काढतात. आपल्या घरची अर्थिंगची तार कुठे जाते, हे आपल्याला माहीत आहे का? नसेल, तर या रविवारी जेवणाआधी तिचा माग काढावा. ती नळाच्या पाइपकडे जात असेल, तर सोमवारी वायरमनला बोलवावे.