चित्रप्रतिकृती, हस्तनिर्मित

मूळ चित्र समोर ठेवून अथवा त्याच्या छापील प्रतीवरून कुंचल्याने व रंगांनी पुन्हा रंगविलेले चित्र. मुद्रित प्रतीहून ते वेगळे असते, कारण त्यातील प्रत्येक फटकारा दुसऱ्या हाताने नव्याने मारलेला असतो. बनावट चित्राहूनही त्याला वेगळे मानावे लागते. दोहोंतील रंगकाम एकसारखे असू शकेल. परंतु प्रतिकृती आपण प्रतिकृती आहोत हे लपवीत नाही. हा भेद उघड राहावा म्हणून पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात नक्कल करणाऱ्या चित्रकारांना आपले चित्र मुळापेक्षा निदान एक-पंचमांशाने लहान वा मोठे ठेवण्याचे बंधन आहे.

प्रतिकृतीसाठी मूळ चित्रावर व नव्या कॅनव्हासवर सारख्या प्रमाणात चौकटी आखून रेखाटन उतरविण्याची पद्धत जुनी आहे. रेखाटन साधले तरी रंगलेपन साधेलच असे नाही. उत्तर-दृक्प्रत्ययवादी चित्रकारांच्या बाबतीत ही अडचण विशेष जाणवते. व्हिन्सेंट व्हान गॉख (१८५३–९०) हा ओल्या रंगावरच ओला रंग जाड थराने व वेगाने चढवीत असे. त्याचे फटकारे जपून, सावकाश उतरविले, तर ते गिरविलेल्या अक्षरांसारखे निर्जीव दिसतात. आणि त्याच्याच वेगाने रंगवू गेल्यास ते मुळाबरहुकूम पडत नाहीत. शिवाय त्याने वापरलेले काही तांबडे रंग प्रकाशाने विटले असून गुलाबी व जांभळ्या छटा फिक्या किंवा निळसर झाल्या आहेत. आज दिसणारा रंग घ्यावा की चित्रकाराने लावलेला, हे नक्कल करणाऱ्यालाच ठरवावे लागते.

व्हान गॉखने जून १८९० मध्ये रंगविलेले ‘डॉक्टर गाशे’ हे व्यक्तिचित्र या दृष्टीने उद्‌बोधक आहे. त्याच्या दोन आवृत्ती आहेत. पहिलीत टेबलावर दोन पिवळी पुस्तके व पेल्यात औषधी वनस्पतीची डहाळी दिसते. दुसरीत पुस्तके व पेला नाहीत. गाशे हे स्वतः हौशी चित्रकार होते व इतरांच्या चित्रांच्या नकला करीत. त्यामुळे त्यांच्या मुलांनी १९४९ मध्ये फ्रेंच राष्ट्राला दिलेली दुसरी आवृत्ती अस्सल आहे की नाही, याविषयी पुढे शंका घेतल्या गेल्या. ती पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात व्हान गॉखची म्हणूनच मांडलेली आहे. पहिली आवृत्ती १९९० मध्ये न्यूयॉर्क येथील लिलावात ८.२५ कोटी डॉलरांना विकली गेली व त्यानंतर ती सार्वजनिक दृष्टीआड झाली. तिची ओळख आता छापील प्रती व हाताने रंगविलेल्या नकला यांवरच अवलंबून आहे. अशा नकलांचा मोठा व्यवसाय १९८९ पासून चीनमधील शेन्‌जेनजवळच्या दाफेन या गावी वाढला.

मूळ दुर्लभ झाले वा झिजले, की प्रतिकृतीला दस्तऐवजाचे मोल येते. याचे सर्वांत ठळक उदाहरण महाराष्ट्रातच, अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या संदर्भात आढळते. मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल यांची १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने या कामी नेमणूक केली. सुमारे दोन दशके अजिंठ्याच्या परिसरात राहून त्यांनी मोठ्या कॅनव्हासवर तैलरंगांत प्रतिकृती तयार केल्या. लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये त्या मांडल्या असता डिसेंबर १८६६ मधील आगीत जवळजवळ सर्व जळाल्या. त्यांपैकी काहींची कल्पना १८५६ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झालेल्या एका ग्रंथातील कोरीव ठशांवरून येते. म्हणजे प्रतिकृतीचीही प्रतिकृतीच उरली. गिल १८७९ मध्ये वारले. त्यांची कबर भुसावळ येथे आहे.

पुढे मुंबईच्या सर ज. जी. कलाविद्यालयातील जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात आपल्या भारतीय विद्यार्थ्यांच्या साहाय्याने हे काम पुन्हा हाती घेतले. या विद्यार्थ्यांत पुढे व्यक्तिचित्रकार म्हणून नाव मिळविलेले पेस्तनजी बोमनजी (१८५१–१९३८) हे होते. गुहांतील अंधूक उजेडात सुमारे तीनशे चित्रे रंगविली गेली. त्यांतीलही शंभराहून अधिक चित्रे १८८५ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील आगीत जळाली वा खराब झाली. उरलेल्यांचा संग्रह तेथील व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे, तर ग्रिफिथ्स यांचा द्विखंडात्मक ग्रंथ १८९६–९७ मध्ये निघाला. भिंतीवरून नंतर नाहीसे झालेले कित्येक तपशील अभ्यासकांना या चित्रांत व ग्रंथातच सापडतात. तेथील श्रेय बहुतांशी ग्रिफिथ्स यांच्या नावे जमा झाले. प्रत्यक्ष कुंचला चालविणाऱ्या विद्यार्थ्यांची नावे आजही फार थोड्यांना माहीत आहेत.

या प्रतिकृती निर्दोष मात्र नाहीत. अजिंठ्याची चित्रे कोरड्या गिलाव्यावर, डिंक वा सरस यांसारख्या बंधकात कालविलेल्या रंगांनी काढलेली असून त्यांचा पृष्ठभाग चमकरहित आहे. रेषा हा त्यांचा प्राण होय. तैलरंगाने त्यांना चकाकी व गडदपणा आला आणि यूरोपीय छायाप्रकाशाच्या सवयीने आकृतींना मुळात नसलेला गोलावा चढला. याउलट १९०९–११ मध्ये लेडी हेरिंगॅम यांच्याबरोबर आलेल्या नंदलाल बोस, असितकुमार हालदार प्रभृती चित्रकारांनी जलरंग वापरले व रेषेला अग्रस्थान दिले. त्यांच्या नकला मुळाच्या प्रकृतीला अधिक जवळच्या वाटतात. पण त्यांतही वंग शैलीची हळुवार छटा ओळखू येते. जपानी चित्रकारांनी पुढे केलेल्या काही प्रतिकृती तोक्यो येथे १९२३ च्या भूकंपातील आगीत नष्ट झाल्या.

नक्कल करण्याच्या खटाटोपात मूळ चित्रांनाही इजा पोहोचली. रंग उजळून दिसावेत म्हणून एकोणिसाव्या शतकात काही भित्तिचित्रांवर व्हार्निश फासले गेले. पुढे निजामाच्या राज्यात १९२०–२२ मध्ये इटालियन तज्ज्ञांनी गिलावा घट्ट करून चित्रांवर लाखेचा लेप दिला. हे लेप कालांतराने पिवळे पडले व त्यांवर धूळ आणि काजळी बसली. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या रसायनज्ञांना नंतर ते काळजीपूर्वक उतरवावे लागले.