वात नसलेलं मेण

अनिश कपूरचा तीस टन मेणाचा ठोकळा आणि आपला टेकडीचा गणपती. संबंध काय? आहे ना भाऊ, चांगलाच आहे!

मेण म्हटलं की आपल्याला काय आठवतं? लाइट गेल्यावर ड्रॉवरमध्ये शोधायची मेणबत्ती, बर्थडे केक, फार तर पार्लरमधलं वॅक्सिंग. आपल्या नागपूरकरांच्या यादीत मात्र आणखी एक गोष्ट असते, दीक्षाभूमी. बुद्धमूर्तीसमोर ओळीनं तेवणाऱ्या मेणबत्त्या. मेण वितळतं आणि उजेड होतो. श्रद्धेचा हिशेब सरळ आहे.

अनिश कपूर नेमका हाच हिशेब उलटा करतो. त्याच्या मेणाला वातच नाही.

अनिश कपूर म्हणजे शिकागोच्या त्या चकाचक स्टीलच्या ‘बीन’वाला. तिचं खरं नाव ‘क्लाउड गेट’. जन्म 1954 चा, मुंबईतला. वडील पंजाबी हिंदू, आई बगदादच्या ज्यू कुटुंबातली. सत्तरच्या दशकात तो इंग्लंडला गेला आणि तिथलाच झाला. 1979 मध्ये भारतात आला, तेव्हा देवळांबाहेरच्या कुंकवा-गुलालाच्या ढिगांनी त्याला पकडलं, आणि परत गेल्यावर त्यानं कोरड्या रंगाच्या भुकटीची शिल्पं केली. पुढे हा लाल रंग मेणात उतरला.

स्टील उजेड परतवतं, मेण पितं

स्टीलच्या आरशासारख्या पृष्ठभागावर उजेड पडला की टप्पी खाऊन परत येतो. त्यात आपण दिसतो, आपला फोटो निघतो, आपण खूश! मेणाचं तसं नाही. उजेड थोडा आत शिरतो, आतल्या आत विखुरतो आणि मग बाहेर येतो. आपल्या कातडीचंही असंच असतं. म्हणून तर मादाम तुसाँच्या पुतळ्यांसाठी मेण वापरतात. कपूरचं लाल मेण बघताना म्हणूनच ते जिवंत वाटतं, आणि थोडं अंगावरही येतं. मांस, रक्त, जखम, जन्म, सगळं एकदम.

मुंबईकरांनी हे प्रत्यक्ष पाहिलंय. 2010 च्या नोव्हेंबरअखेर कपूरचं भारतातलं पहिलं प्रदर्शन भरलं. अर्धं दिल्लीत, अर्धं वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत. तिथे एक तोफ होती! थोड्या थोड्या वेळानं ती लाल मेणाचा गोळा समोरच्या कोपऱ्यात धाडकन मारायची. भिंतीवर लगदा साचत जायचा आणि तेच शिल्प.

स्वयंभू, पण कसं?

मला मात्र सगळ्यात जास्त भिडतं ते ‘स्वयंभ’. 2007 मध्ये फ्रान्समधल्या नांत शहरात ते आधी दाखवलं गेलं. नाव आपल्याच ‘स्वयंभू’वरून घेतलेलं. 2009 मध्ये लंडनच्या रॉयल अ‍ॅकॅडमीत लाल मेणाचा साधारण तीस टनांचा ठोकळा रुळांवरून सरकत होता. इतका हळू, की हलतोय हे कळायलाही वेळ लागावा. वाटेतल्या दारांपेक्षा ठोकळा किंचित मोठा. त्यामुळे प्रत्येक दारातून जाताना तो खरवडला जायचा, मेण चौकटींना चिकटायचं, आणि पलीकडे निघायचा तो दाराचाच आकार घेऊन.

हेच काम 2007 मध्येच म्युनिकच्या हाउस डेर कुन्स्टमध्ये लागलं होतं. ती इमारत नाझींनी उभारलेली. तिथे रुळांवरचं हे लाल ओझं पाहून लोकांना छळछावण्यांकडे गेलेल्या रेल्वेगाड्या आठवल्या. मेण तेच. दार बदललं, अर्थ बदलला.

आता या आपल्या गावात. स्टेशनजवळचा टेकडीचा गणपती आपण स्वयंभू मानतो. म्हणजे कुणी घडवला नाही, आपोआप प्रकटला. पण समोर दिसतं काय? शेंदूर. पिढ्यान् पिढ्या भक्तांच्या हातांनी चढलेला. 2022 मध्ये वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरचे शेंदराचे जाड थर काढले, तेव्हा आतलं मूळ रूप पाहून लोक थक्क झाले. इतकी वर्षं आपण पाहत होतो ती देवी तर होतीच, पण तिच्यावर साचलेली आपली श्रद्धाही होती.

कपूरचा ठोकळा याच्या उलट चालतो. शेंदूर थर चढवत आकार देतो, दार थर काढून. प्रश्न मात्र दोन्हीकडे एकच: ‘स्वयंभू’ म्हणजे एकट्यानं घडलेलं का? ‘स्वयंभ’ला मोटर ओढते, ते मेण माणसांनी ओतलेलं असतं आणि आकार चौकट देते. तरी दारातून बाहेर पडताना ते आपोआप जन्मल्यासारखं वाटतं. हा भास म्हणजेच त्या कामाचा जीव.

आपण ‘सेल्फ मेड’?

ऑफिसात हा शब्द आपण किती सहज फेकतो! बंदा सेल्फ मेड आहे, बॉस. अरे, कॉलेजची फी कोणी भरली? पहिल्या नोकरीत रात्री थांबून काम कोणी शिकवलं? पुण्याला जाताना बसस्टँडवर डबा कोणी दिला? कोणत्या दारानं आपल्याला किती खरवडलं? आपल्या सीव्हीत पोचलेल्या जागा दिसतात, चौकटीला चिकटून राहिलेलं मेण दिसत नाही.

म्हणूनच ‘यात काय कला?’ या प्रश्नावर मी वाद घालत नाही. नेटवर ‘स्वयंभ’चे व्हिडिओ आहेत. पुढे न सरकवता दहा मिनिटं बघा. बोअर होईल, होऊ द्या. अकराव्या मिनिटाला ठोकळ्याकडे नाही, दाराकडे बघा. लाल झालेलं असतं ते.