सर्वेक्षणाची उत्तरं एक्सेलमध्ये उतरवताना: गैरसमज आणि वस्तुस्थिती

कुंडलिका नदीच्या एका तीरावर जुना जालना, दुसऱ्यावर नवीन जालना. नवीन जालन्याची भिस्त पूर्वापार घाणेवाडीच्या निजामकालीन जलाशयावर. ते पाणी पुरलं नाही की बोअर, टँकर, जार, जे मिळेल ते. समजा, इथे विद्यार्थ्यांनी घरोघरी जाऊन मोबाइलवर पाण्याचं सर्वेक्षण केलं आणि शेवटी ‘एक्सपोर्ट’चं बटण दाबलं. पुढच्या बहुतेक चुका या बटणानंतर होतात.

गैरसमज 1: एक्सपोर्ट झालं की माहिती मोजायला तयार.

वस्तुस्थिती: ‘पिण्याचं पाणी कुठून आणता?’ या प्रश्नाला गुगल फॉर्ममध्ये एकाहून जास्त पर्याय निवडू दिले, तर ते सगळे एकाच चौकटीत उतरतात: ‘नळ, बोअर, जार’. पिव्हट टेबल या तिघांना मिळून एक वेगळाच प्रकार धरतं. ‘नळ’ या नावापुढे येतात ती फक्त नळावरच भागवणारी घरं. म्हणून प्रत्येक पर्यायाला स्वतंत्र रकाना द्यावा. निवडला तर 1, नाही तर 0. कोबोटूलबॉक्स या सर्वेक्षणाच्या साधनात असे वेगळे रकाने एक्सपोर्ट करतानाच मागता येतात. मग टक्क्यांची बेरीज शंभरावर जाते, आणि ते बरोबरच आहे. मात्र जिथे प्रश्न विचारायचाच राहिला, तिथे 0 घालू नये, चौकट रिकामी ठेवावी.

गैरसमज 2: वर्गवारी झाली की मूळ उत्तराचं काम संपलं.

वस्तुस्थिती: ‘नळ आहे, पण पाण्याचा नेम नाही, मग टँकर मागवतो.’ हे उत्तर ‘टँकर’मध्ये टाकायचं की ‘अनियमित पुरवठा’मध्ये? दोन्हीकडे. पण हा निर्णय माणसाचा आहे आणि तो उद्या बदलू शकतो. त्यामुळे उत्तर देणाऱ्याने सांगितलेले शब्द एका रकान्यात जसेच्या तसे राहू द्यावेत आणि शेजारी वर्गाचा कोड लिहावा. कुठल्या कोडमध्ये काय धरलं, याची यादी वेगळ्या शीटवर ठेवावी. थोडी उत्तरं दोघांनी एकमेकांचं न पाहता वर्गात बसवावीत. जिथे मतं फाटतात, तिथे वर्गाची व्याख्या कच्ची आहे.

गैरसमज 3: दिसायला सारखा शब्द एक्सेललाही सारखाच.

वस्तुस्थिती: ‘दुसऱ्याची विहीर’ यातला ‘ऱ्य’ युनिकोडमध्ये एकाहून जास्त तऱ्हांनी टाइप होतो. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण संगणक ते दोन वेगळे शब्द म्हणून मोजू शकतो. शब्दामागे राहिलेली एक मोकळी जागाही तेच करते. म्हणून उत्तरं आकडी कोडमध्ये ठेवणं शहाणपणाचं. 2011 च्या जनगणनेच्या घरयादीत 35 प्रश्न होते आणि पाण्याच्या स्रोतासारख्या उत्तरांना आकडेच दिलेले होते.

गैरसमज 4: मराठीच्या जागी भलतीच चिन्हं दिसली, म्हणजे फाइल बिघडली.

वस्तुस्थिती: बहुधा फाइल धड असते, उघडण्याची पद्धत चुकलेली असते. सीएसव्ही फाइलवर थेट डबल क्लिक न करता एक्सेलच्या ‘डेटा’ टॅबमधून ती आत घ्यावी आणि यूटीएफ-8 निवडावं. ती चिन्हं दिसत असताना मात्र ‘सेव्ह’ करू नये.

गैरसमज 5: एक्सेल आपणहून काही बदलत नाही.

वस्तुस्थिती: ‘पाणी किती दिवसांनी येतं?’ याचं उत्तर ‘8-10’ आलं, तर एक्सेल त्याची तारीख करून टाकतं. कोडच्या सुरुवातीचं शून्यही गळतं. याच खोडीमुळे काही मानवी जनुकांची नावं तारखा होऊन बसत. शेवटी 2020 मध्ये जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने ती नावंच बदलल्याचं जाहीर केलं. असे रकाने फाइल आत घेतानाच ‘टेक्स्ट’ म्हणून ठरवावेत.

गैरसमज 6: नाव-नंबरांचे रकाने ‘हाइड’ केले की फाइल कुणालाही देता येते.

वस्तुस्थिती: लपवलेला रकाना दोन क्लिकमध्ये उघडतो. वाटायच्या प्रतीतून नाव, मोबाइल आणि घराचं जीपीएस स्थान पुसूनच टाकावं.

मूळ एक्सपोर्टला हात लावू नये; सगळी कामं प्रतीवर करावीत. लोकांनी कामधंदा बाजूला ठेवून आपल्या अडचणी सांगितलेल्या असतात. टँकरवर जगणारी घरं चुकीच्या मोजणीत कमी दिसली, तर पाण्याच्या नियोजनातही ती मागे पडतील. म्हणून अहवालात टक्केवारी देण्याआधी ती कशी मोजली, हे चार ओळींत लिहावं.