अंगावर काढलेला ताप

न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीकाठी कॉक्सॅकी नावाचे लहानसे गाव आहे. तिथल्या दोन मुलांना लुळेपणा आला, तेव्हा शंका पोलिओचीच होती. गिल्बर्ट डॉलडॉर्फ आणि ग्रेस सिकल्स यांनी त्यांच्या विष्ठेचे नमुने उंदरांच्या नवजात पिल्लांना टोचले. पिल्ले लुळी पडली. मोठ्या उंदरांना मात्र काहीच झाले नाही. हा पोलिओ नव्हे, वेगळाच विषाणू आहे, असे १९४८ मध्ये दोघांनी जाहीर केले आणि गावाचे नाव त्याला कायमचे चिकटले.

या विषाणूंचे ‘ए’ आणि ‘बी’ असे दोन गट आहेत. बालवाडीतल्या मुलांच्या तळहातांवर, तळपायांवर आणि तोंडात फोड येतात, तो आजार बहुधा ‘ए’ गटाचा. ‘बी’ गटातले सहा प्रकार अधिक खोलवर शिरतात. न धुतलेले हात आणि दूषित पाणी यांतून ते तोंडावाटे आतड्यात जातात, तिथून रक्तात. बहुतेकांचे दोन-चार दिवसांच्या तापावर भागते. काहींचे भागत नाही.

हृदयाच्या स्नायूपेशीत शिरल्यावर हा विषाणू स्वतःचे एक विकर बनवतो. पेशीचे आवरण आतून बळकट ठेवणारे डिस्ट्रॉफिन हे प्रथिन ते विकर कापून टाकते. मागोमाग शरीराचे स्वतःचे सैन्य तिथे धावून येते आणि बाधित पेशींसोबत निरोगी स्नायूचीही हानी करते. हाच मायोकार्डायटिस, म्हणजे हृदयस्नायूचा दाह.

मग एकाच विषाणूने एकाला नुसती कणकण आणि दुसऱ्याचे हृदय निकामी, असे का व्हावे? याचे सर्वांत विलक्षण उत्तर चीनमधून आले. हेलोंगजियांग प्रांतातल्या केशान परगण्यात १९३५ मध्ये हृदयविकाराची एक जीवघेणी साथ नोंदली गेली. मुले आणि तरुण बायका तिला अधिक बळी पडत. तिथल्या मातीत, म्हणून धान्यातही, सेलेनियम फार कमी होते. सेलेनियमच्या गोळ्या दिल्यावर रोग खूपच कमी झाला. पण त्याचे प्रमाण ऋतूप्रमाणे का बदलते, हे नुसत्या कमतरतेने उलगडेना. रुग्णांत कॉक्सॅकी विषाणूही सापडले होते. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मेलिंडा बेक आणि सहकाऱ्यांनी एक निरुपद्रवी ‘बी ३’ विषाणू सेलेनियमची कमतरता असलेल्या उंदरांत सोडला. त्यांच्या शरीरात विषाणूची जनुकीय रचनाच बदलली आणि तो हृदय पोखरू लागला. तिथून काढून धडधाकट उंदरांना दिला, तर त्यांचेही हृदय सुजले! एकाचे कुपोषण दुसऱ्याच्या जिवावर बेतते, हे इतक्या थेटपणे दाखवणारे प्रयोग फार थोडे असतील.

श्रमाचेही तसेच. १९७० च्या एका प्रयोगात ‘बी ३’ची लागण झालेल्या उंदरांना पोहायला लावले. विश्रांती घेणाऱ्या उंदरांपेक्षा त्यांच्या हृदयात विषाणू कितीतरी पट वाढला आणि मृत्यूही वाढले.

स्वादुपिंड हे याच विषाणूंचे दुसरे आवडते ठिकाण. १९७९ मध्ये अमेरिकी संशोधकांनी तीव्र मधुमेहाने दगावलेल्या एका दहा वर्षांच्या मुलाच्या स्वादुपिंडातून ‘बी ४’ विषाणू वेगळा केला. उंदरांना दिल्यावर त्यांच्या रक्तातली साखर वाढली. एका मुलावरून निष्कर्ष काढता येत नाही. मात्र चार देशांतल्या, आनुवंशिक धोका असलेल्या मुलांच्या २०१९ मधील अभ्यासात असे दिसले, की ‘बी’ प्रजातीचा आंत्रविषाणू (कॉक्सॅकीचा ‘बी’ गट याच प्रजातीत मोडतो) ज्यांच्या विष्ठेत दीर्घकाळ सापडत राहिला, त्यांच्यात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडे अधिक वेळा तयार झाली. पहिल्या प्रकारच्या मधुमेहाची सुरुवात तिथून होऊ शकते.

त्या पोहणाऱ्या उंदरांची गोष्ट लक्षात ठेवा आणि ताप अंगावर काढून धावायला किंवा व्यायामशाळेत जाऊ नका. तापानंतर छातीत दुखले, धडधडले, जिना चढताना धाप लागली, तर ‘अशक्तपणा असेल’ म्हणून थांबू नका. डॉक्टरांकडे जा आणि ईसीजी आणि हृदयस्नायूची इजा दाखवणाऱ्या ट्रोपोनिन या रक्ततपासणीबद्दल विचारा.