निरूपण, कीर्तन आणि व्याख्यान : दर्यापूर परिसरातील श्रवणपरंपरेचा एक विचार

तालुक्याच्या गावी चालणाऱ्या व्याख्यानमालांचा विचार साहित्याच्या अभ्यासात क्वचितच होतो. ग्रंथ, नियतकालिके आणि संमेलने यांच्या नोंदी उपलब्ध असतात. व्याख्यान मात्र बोलून संपते. मागे उरते ती निमंत्रणपत्रिका आणि वृत्तपत्रातील चार ओळींची बातमी. तरीही कला आणि संस्कृती या विषयांशी महाविद्यालयाबाहेरील वाचकाचा संबंध बव्हंशी याच मार्गाने येतो. दर्यापूरसारख्या गावातील एखादे कलामंडळ अशी माला आखते तेव्हा वक्ता कोण आणि विषय कोणता, एवढ्यावरच चर्चा थांबते. श्रोत्याने तेथे काय करावयाचे, हा प्रश्न विचारला जात नाही. वस्तुतः या परिसराच्या वाङ्मयेतिहासात त्या प्रश्नाची फार जुनी उत्तरे आहेत.

मराठीतील आधुनिक व्याख्यानाचे मूळ निबंधवाचनात आहे. मुंबईत १८४८ मध्ये स्थापन झालेल्या ज्ञानप्रसारक सभेत सभासद निबंध वाचीत आणि १८५० पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ या मासिकातून ते प्रसिद्ध होत. पुण्यात १८७५ मध्ये न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि पुढे गावोगावच्या मालांना तोच नमुना मिळाला. वऱ्हाडात ही प्रथा रुजण्यास पोषक वातावरण होते. अकोल्यास १९१२ मध्ये हरि नारायण आपटे यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरले आणि १४ जानेवारी १९२३ रोजी अमरावतीस विदर्भ साहित्य संघाची स्थापना झाली. या साऱ्या घडामोडींचे मोल मोठे आहे. मात्र निबंधवाचनातून निघालेल्या या प्रकारात श्रोत्याकडे मौन आले, हेही लक्षात घ्यावे लागते. निबंध लिहूनच आणलेला असतो. श्रोत्याच्या उत्तराने तो बदलत नाही.

याच अमरावती जिल्ह्यातील ऋद्धिपुरास तेराव्या शतकात जे घडले, त्याचे स्वरूप वेगळे होते. म्हाइंभटांनी १२७८ च्या सुमारास सिद्ध केलेल्या ‘लीळाचरित्रा’त चक्रधरांचे निरूपण प्रायः कोणाच्या तरी प्रश्नातून उगवते. कोणी विचारले, कोठे विचारले, त्या वेळी समोर काय घडत होते, हे सांगितल्याशिवाय लीळा पुरी होत नाही. पुढे केसोबासांनी त्यातील वचने वेगळी काढून ‘सूत्रपाठ’ सिद्ध केला. पण कोणते सूत्र कोणत्या प्रसंगी उच्चारले गेले हे सांगणारी ‘प्रकरणवश’ ही रचनाही पंथाला आवश्यक वाटली. प्रश्नावाचून उत्तर अपुरे राहते, याची ही जाणीव अभ्यासकाने दुर्लक्षू नये.

या जाणिवेचे अगदी अलीकडचे आणि सर्वांत जिवंत रूप गाडगेबाबांच्या कीर्तनात आढळते. त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी शेंडगावचा. बालपण गेले मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्यास, मामाच्या घरी. शेंडगाव अंजनगावकडे, दापुरे मूर्तिजापूरकडे, आणि या दोन तालुक्यांच्या मधोमध दर्यापूर. दिवसा हाती खराटा घेऊन गाव झाडायचे आणि रात्री त्याच गावाला कीर्तनाला बसवायचे, हा त्यांचा क्रम प्रसिद्धच आहे. नारदीय कीर्तनातील पूर्वरंग-उत्तररंगाची बांधणी त्यांनी पाळली नाही. त्यांचे कीर्तन चालते ते प्रश्नांवर. कर्ज काढून सण करावा काय, नवसापोटी बकरे कापावे काय, मुलाला शाळेत घालावे की नाही, असे घरातले प्रश्न ते अस्सल वऱ्हाडीत विचारीत. समुदाय एकमुखाने उत्तर देई आणि त्या उत्तरावर पुढचा प्रश्न बेतलेला असे. दोन-चार प्रश्नांनंतर श्रोता स्वतःच्याच उत्तरांत सापडे. जे त्याने आपल्या तोंडाने कबूल केले, ते नाकारणे त्याला अवघड जाई. वांद्र्यास नोव्हेंबर १९५६ मध्ये झालेल्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. त्यात समुदायाचा आवाज कीर्तनकाराच्या आवाजाइतकाच महत्त्वाचा आहे. तो वगळला तर कीर्तनाचा सांगाडाही उरत नाही.

कीर्तनकाराचे प्रश्न योजलेले होते, उत्तर कोणत्या दिशेने येणार हे त्यांना ठाऊक होते, असा आक्षेप घेता येईल. तो खराच आहे. हा मुक्त संवाद नव्हे. परंतु ज्याला उत्तर द्यावे लागते तो जागा असतो, आणि येथे मुद्दा तेवढाच आहे.

आजच्या व्याख्यानात दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, परिचय, शाल-श्रीफळ आणि अध्यक्षीय समारोप यांतून वाचलेली पाच मिनिटे प्रश्नोत्तरांना मिळतात, आणि तीही पुष्कळदा आभारप्रदर्शनात जातात. वक्ता मुंबई-हावडा मार्गावरील बडनेरा किंवा मूर्तिजापूर स्थानकावर उतरून मोटारीने येतो आणि त्याच रात्री परततो. गावात काय आहे हे पाहण्यास त्याला सवड नसते.

हे नुकसान किती आहे, ते एका उदाहरणावरून कळेल. दर्यापूर तालुक्यात लासूर येथे आनंदेश्वराचे यादवकालीन दगडी मंदिर आहे. मंदिरस्थापत्यावरील व्याख्यानात त्याला ‘हेमाडपंती’ म्हटले जाईल. चोखंदळ वक्ता असेल तर या शैलीतील कित्येक मंदिरे हेमाद्रीच्या आधीची आहेत, हेही सांगेल. पण लासूर पूर्णेच्या गाळाच्या प्रदेशात आहे. हा खारपाणपट्टा, येथे विहीर खणताना माती लागते, खारे पाणी लागते, खडक मात्र सहजी लागत नाही. जुनी घरेही मातीचीच. मग एवढा दगड आला कोठून? उत्तरेकडील गाविलगडच्या डोंगरांतून की दक्षिणेकडून? कोणत्या वाटेने, आणि चिखलाचे महिने टाळून कोणत्या ऋतूत? हे प्रश्न विहीर खणलेल्या शेतकऱ्याला सुचतात, स्थापत्याच्या पुस्तकात त्यांना जागा असतेच असे नाही. तो शेतकरी तिसऱ्या रांगेत बसलेला असतो आणि त्याला कोणी विचारत नाही.

भुलाबाईच्या गाण्यांचेही तसेच. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली ही गाणी म्हणतात आणि शेवटी झाकलेली खिरापत ओळखायला लावतात. म्हणजे तेथेही ऐकणाऱ्याला काम आहेच. या विषयावर बोलणाऱ्याने एक पाठ सांगितला की सभागृहातील स्त्रियांना दुसरा आठवतो. तो पाठभेद नोंदवून घेण्याची व्यवस्था असेल, तर व्याख्यान हेच संशोधनाचे क्षेत्रकार्य ठरेल. अडसर आहे तो भाषेचा. व्यासपीठावरील प्रमाण मराठी ऐकल्यावर श्रोता वऱ्हाडीत बोलण्यास संकोचतो. आणि पाठभेद तर वऱ्हाडीतच असतो.

म्हणून कलामंडळांनी वक्त्याला एक दिवस आधी बोलवावे, त्याला लासूर दाखवावे, सत्कार दोन मिनिटांत उरकावा आणि पहिला प्रश्न व्याख्यानाच्या आरंभीच श्रोत्यांकडून घ्यावा. जमलेले पाठभेद वहीत उतरविण्याचे काम संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतील मराठीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडे सहज देता येईल. पुण्याचा वसंत मात्र वऱ्हाडाला परवडणारा नाही. कापूस घरात आल्यानंतरच्या थंडीच्या रात्री येथे बऱ्या. तेव्हा खेड्यांतली माणसेही दर्यापुरात येऊन बसू शकतात.