आदिख्रिस्ती मंडळीतील कलहनिवारण व वर्तनशिस्त : रायगड किनाऱ्याच्या संदर्भात एक अभ्यास

प्रस्तावना

माणसे एकत्र आली की मतभेद उद्भवतात. धर्मसमूह त्याला अपवाद नाहीत. किंबहुना ज्या समूहाचे सदस्य परस्परांना बंधू-भगिनी मानतात, त्या समूहातील कलह अधिक तीव्र व अधिक वेदनादायक ठरतो. अशा कलहाचे निवारण कोणी करावे, कोणत्या क्रमाने करावे आणि दोषी ठरलेल्या व्यक्तीशी समूहाने कसे वागावे, हे प्रश्न पहिल्या तीन शतकांतील ख्रिस्ती मंडळ्यांपुढे प्रत्यक्ष व्यवहारातून उभे राहिले. त्यांची त्या काळी दिलेली उत्तरे नव्या करारातील पत्रांत व नंतरच्या शिस्तग्रंथांत नोंदलेली आहेत.

रायगडच्या किनाऱ्यावर या विषयाला विशेष औचित्य आहे. कुंडलिका नदीच्या मुखाशी वसलेल्या रेवदंडा-कोर्लई परिसरात ख्रिस्ती वस्तीला पोर्तुगीज काळापासूनची परंपरा आहे. दुसरीकडे, गावकीच्या निर्णयाने कुटुंबाला 'वाळीत टाकणे' ही प्रथा याच जिल्ह्यातून अनेकदा चर्चेत आली आहे. समूहाची शिस्त कोठे संपते आणि समूहाची दंडेली कोठे सुरू होते, हा प्रश्न म्हणूनच येथे केवळ ग्रंथगत राहत नाही.

उद्दिष्टे

१) आदिख्रिस्ती साहित्यातील कलहनिवारणाची पद्धत स्पष्ट करणे.
२) मंडळीतील शिक्षा व पुनःस्वीकार यांमागील भूमिका समजून घेणे.
३) या शिस्तीची गावकीच्या बहिष्काराशी तुलना करून दोहोंतील साम्य व भेद मांडणे.

प्रस्तुत लेख प्राथमिक ग्रंथांचे वाचन व ऐतिहासिक-तुलनात्मक पद्धती यांवर आधारलेला आहे.

पार्श्वभूमी : सभास्थान, मंडळी आणि हा किनारा

आरंभीची ख्रिस्ती मंडळी यहुदी सभास्थानाच्या परंपरेतून घडली. आपसांतील तंटे समाजातील ज्येष्ठांपुढे सोडविणे, एका साक्षीदाराच्या शब्दावर कोणास दोषी न धरणे आणि गंभीर प्रसंगी सदस्यत्व स्थगित करणे, या तिन्ही गोष्टी यहुदी व्यवहारात रूढ होत्या. दोन किंवा तीन साक्षीदारांचा नियम अनुवाद या ग्रंथातून आलेला आहे.

रायगडच्या वाचकाला ही परंपरा अगदीच परकी वाटू नये. येथील बेने इस्राएल समाजाची सभास्थाने अलिबाग व रेवदंडा येथे आहेत. या समाजात मुकादम व चौगुले यांसारखे मराठी मुलखातील पदाधिकारी सभास्थानाच्या कारभारात असत. म्हणजेच यहुदी मुळाची व्यवस्था आणि कोकणी ग्रामव्यवस्था यांचा मेळ या किनाऱ्याने पाहिलेला आहे.

पोर्तुगीजांनी १५२१ मध्ये चौल येथे किल्ल्याच्या बांधकामास आरंभ केला. १७४० मध्ये चौल मराठ्यांच्या ताब्यात आले. पोर्तुगीज सत्ता गेली, तरी कोर्लई गावात ख्रिस्ती वस्ती टिकून राहिली व तिच्याबरोबर मराठीच्या सान्निध्यात घडलेली पोर्तुगीज-मिश्रित बोलीही टिकली. या बोलीला तेथील लोक 'नौ लिंग', म्हणजे आपली भाषा, असे म्हणतात. राज्यसत्तेचा आधार संपल्यावरही लहान समूह एकत्र राहतो, तेव्हा त्याच्या ऐक्याचा भार मुख्यतः त्याच्या अंतर्गत व्यवहारावर पडतो. पहिल्या शतकातील मंडळ्यांची स्थिती या दृष्टीने काहीशी अशीच होती. त्यांच्या हाती पोलीस नव्हते, तुरुंग नव्हते. समजावणे आणि संगत सोडणे एवढीच दोन साधने त्यांच्यापाशी होती.

तीन पायऱ्यांची पद्धत

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात कलहनिवारणाच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. ज्याच्यावर अन्याय झाला त्याने प्रथम अन्याय करणाऱ्याला एकांतात गाठून बोलावे. त्याने न ऐकल्यास आणखी एकदोघांना बरोबर न्यावे. तरीही न ऐकल्यास गोष्ट मंडळीपुढे ठेवावी. मंडळीचेही न ऐकल्यास त्याला परका समजावे.

या क्रमातील पहिली पायरी सर्वांत महत्त्वाची होय. एकांतात बोलल्याने दोषी व्यक्तीची अब्रू राखली जाते आणि गैरसमज असल्यास तो तेथेच दूर होतो. दुसऱ्या पायरीवरील माणसे केवळ आरोपाला बळ देण्यासाठी नसतात. संवाद कसा झाला, याचे ती साक्षीदार ठरतात, आणि तक्रारदाराच्या बोलण्यावरही त्यामुळे अंकुश राहतो. तिसऱ्या पायरीवर निर्णय एका व्यक्तीचा न राहता मंडळीचा होतो.

हा उतारा त्याच्या आगेमागे काय आहे ते पाहून वाचावा लागतो. त्याच्या आधी हरवलेल्या मेंढराचा दृष्टान्त येतो आणि नंतर अमर्याद क्षमेची शिकवण येते. शिवाय ज्या 'जकातदारा'सारखे दोषी व्यक्तीला मानावे असे म्हटले आहे, त्याच जकातदारांच्या पंक्तीला येशू बसत असे, असेही शुभवर्तमाने सांगतात. त्यामुळे शेवटच्या पायरीचा अर्थ कायमचा दुरावा असा लावणे सयुक्तिक ठरत नाही.

करिंथ येथील मंडळी : तीन प्रसंग

पौलाने करिंथकरांस लिहिलेले पहिले पत्र साधारणपणे इ. स. ५३ ते ५५ या काळातील मानले जाते. एका प्रत्यक्ष मंडळीतील कलहांचा हा सर्वांत जुना तपशीलवार दस्तऐवज म्हणता येईल.

पहिला प्रसंग गटबाजीचा आहे. कोणी पौलाचे, कोणी अपुल्लोसाचे, कोणी केफाचे नाव घेऊन तट पाडले होते. पौल आपल्या नावाच्या गटाचीही बाजू घेत नाही, हे लक्षणीय आहे. दुसरा प्रसंग आपसांतील फिर्यादींचा आहे. मंडळीचे सदस्य एकमेकांना रोमन न्यायासनापुढे खेचत होते. त्या काळी न्यायासनापुढे धनवान व प्रतिष्ठित व्यक्तीचे पारडे जड असे. त्यामुळे मंडळीतच शहाण्या माणसाकडून निवाडा करून घ्यावा, हा पौलाचा आग्रह दुर्बलांच्या हिताचाही होता. तिसरा प्रसंग सहभोजनाचा आहे. सधन सदस्य आधी जेवून घेत आणि मागून येणारे गरीब उपाशी राहत. पौल याला केवळ शिष्टाचाराचा भंग मानत नाही. मंडळीचा अवमान मानतो.

या तीन प्रसंगांवरून असे दिसते की, कलहाचे मूळ बहुधा मानपान, मालमत्ता व पंक्तीतील भेद यांत असते, आणि त्यावर सिद्धान्ताचे आवरण नंतर चढते.

अधिकारी व पक्षपात

प्रेषितांची कृत्ये या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात यरुशलेम येथील तक्रार नोंदलेली आहे. ग्रीक भाषिक विधवांना रोजच्या अन्नवाटपात डावलले जात होते. प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना गप्प बसविले नाही, तर वाटपासाठी सात जणांची निवड करविली. या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. ज्या गटावर अन्याय झाला, त्याच्या विश्वासातील माणसांकडे कारभार सोपविला गेला, असा निष्कर्ष त्यावरून अनेक अभ्यासक काढतात.

याकोबाच्या पत्रात सोन्याची अंगठी घातलेल्या माणसाला मानाची जागा व फाटक्या वस्त्रातील माणसाला पायाशी जागा देण्याचा निषेध आहे. तिसऱ्या शतकात सिरियात रचलेला 'दिदास्कालिया' हा शिस्तग्रंथ याच्याही पुढे जातो. वृद्ध गरीब व्यक्ती सभेत आली आणि जागा नसेल, तर बिशपने तिला जागा करून द्यावी, स्वतः जमिनीवर बसावे लागले तरी चालेल, असे तो सांगतो.

याच ग्रंथात निवाड्याची कार्यपद्धतीही आहे. बिशप, वडील व डीकन यांनी सोमवारी बसून तंटे ऐकावेत. निर्णयाबद्दल कोणाची तक्रार राहिलीच, तर आठवडाभरात तिचे निराकरण व्हावे आणि रविवारच्या उपासनेला दोन्ही पक्ष समेटाने यावेत, हा त्यामागचा हेतू. दोन्ही पक्षांना समोर उभे करून ऐकावे आणि आरोप करणाऱ्याचे पूर्ववर्तनही तपासावे, असे त्यात बजावले आहे. 'दिदाखे' या त्याहून जुन्या पुस्तिकेतही, ज्याचे शेजाऱ्याशी भांडण आहे त्याने समेट होईपर्यंत सहभोजनाला येऊ नये, असा नियम आहे. या पुस्तिकेचे हस्तलिखित १८७३ मध्ये सापडले व १८८३ मध्ये ते प्रसिद्ध झाले.

अधिकाऱ्यांवरील आरोपांचा प्रश्नही टाळलेला नाही. वडिलांवरील आरोप दोन-तीन साक्षीदारांशिवाय स्वीकारू नये, परंतु दोष सिद्ध झाल्यास सर्वांसमक्ष कानउघाडणी करावी, असे तीमथ्याला लिहिलेले पहिले पत्र सांगते. पहिल्या शतकाच्या अखेरीस करिंथकरांनी आपल्या काही वडिलांना पदच्युत केले, तेव्हा रोमच्या मंडळीने पत्र व दूत पाठवून मध्यस्थी केली. 'क्लेमेंतचे पहिले पत्र' ते हेच. मंडळीच्या शांततेसाठी कलहकर्त्यांनी स्वेच्छेने दूर व्हावे, असा उपाय त्यात सुचविलेला आहे.

शिक्षा आणि पुनःस्वीकार

आदिख्रिस्ती शिस्तीत संगत सोडण्याची शिक्षा होती, हे स्पष्टपणे नमूद केले पाहिजे. गंभीर दुराचरण करणाऱ्याबरोबर जेवूही नये, असे पौल लिहितो. भारतीय वाचकाला येथे पंक्तिबंदीचे स्मरण होणे स्वाभाविक आहे.

तथापि, दुसऱ्या पत्रात तोच पौल वेगळी सूचना करतो. बहुसंख्यांनी केलेली शिक्षा पुरे झाली, आता त्या माणसाला क्षमा करून धीर द्यावा, नाहीतर तो दुःखाने खचून जाईल. हा माणूस पहिल्या पत्रातील दोषी व्यक्तीच होता काय, याबाबत अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु शिक्षेला शेवट असावा, हे तत्त्व त्यातून निःसंशय व्यक्त होते. थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातही अशा व्यक्तीला शत्रू न मानता बंधू समजून बोध करावा, असे सांगितले आहे. 'दिदास्कालिया' तर अपराधाच्या मानाने दोन, तीन, पाच वा सात आठवड्यांचा उपवास नेमून देतो आणि परत येणाऱ्याला नाकारणाऱ्या बिशपलाच दोषी ठरवितो.

मुंबई परिसरातील एक विपरीत उदाहरण

तत्त्व आणि व्यवहार यांत अंतर पडते, याचे उदाहरण आपल्या शेजारीच सापडते. मुंबईतील कॅथोलिक समाज पोर्तुगीज 'पाद्रुआदो' व रोमची 'प्रोपागांदा' या दोन अधिकारसत्तांत विभागला गेला. १७९४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने चर्चे दोन्ही पक्षांत वाटून दिली. एकाच श्रद्धेची माणसे चर्चच्या ताब्यासाठी सरकारदरबारी धाव घेत राहिली. १८८६ च्या कराराने तोडगा काढण्याचा प्रयत्न झाला. परंतु दुहेरी अधिकारक्षेत्र प्रत्यक्षात संपले ते १९२८ मध्ये. पौलाने करिंथला जे टाळण्यास सांगितले, ते येथे सव्वाशेहून अधिक वर्षे चालले. वाद श्रद्धेचा नव्हता, अधिकाराचा होता.

वाळीत टाकणे व मंडळीची शिस्त : तुलना

गावकी अथवा जातपंचायत कुटुंबाला वाळीत टाकते, तेव्हा त्याचे बोलणे-चालणे, दुकानातील माल, पाणी, सणसमारंभ, प्रसंगी अंत्ययात्राही तोडली जाते. २०१० नंतरच्या दशकात रायगड जिल्ह्यातून अशी अनेक प्रकरणे पुढे आली. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने २०१३ पासून जातपंचायतीविरुद्ध मोहीम चालविली. विधिमंडळाने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा संमत केला व तो ३ जुलै २०१७ पासून अमलात आला. त्यात तीन वर्षांपर्यंत कारावास अथवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

बाह्यतः दोन्ही व्यवस्था सारख्या दिसतात. दोन्हींत समूह निर्णय घेतो व संगत तोडतो. भेद चार ठिकाणी आहे. एक, मंडळीच्या पद्धतीत एकांतातील संवाद आधी येतो; वाळीत प्रकरणात बहुधा जाहीर सभाच आधी भरते. दोन, मंडळीची शिक्षा त्या व्यक्तीपुरती असते. वाळीत संपूर्ण कुटुंब भरडले जाते. तीन, मंडळीची शिक्षा उपासना व सहभोजन यांपुरती असते. वाळीत उपजीविकेवर घाला येतो. चार, मंडळीत परतीची वाट पश्चात्तापाची आहे. पंचायतीत ती अनेकदा दंडाच्या रकमेची असते.

मात्र हा भेद ग्रंथातील तत्त्वाचा आहे. जेथे संपूर्ण गाव एकाच मंडळीचे असते, तेथे उपासनेतील बहिष्कार सहज व्यवहारातील बहिष्कार बनू शकतो. हा पेच भारतीय न्यायालयांपुढेही आला आहे. धर्मबहिष्कृतीस प्रतिबंध करणारा मुंबई राज्याचा १९४९ चा कायदा दाऊदी बोहरा समाजाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये बहुमताने घटनाबाह्य ठरविला. २०२३ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने हा प्रश्न अधिक मोठ्या पीठाकडे विचारार्थ सोपविला.

मर्यादा

आदिख्रिस्ती मार्गदर्शनाच्या मर्यादाही ध्यानात घेणे आवश्यक आहे. अन्याय सोसावा पण न्यायालयात जाऊ नये, ही सूचना दोन समान व्यक्तींतील आर्थिक तंट्याला लागू पडते. बलवानाने दुर्बलावर केलेल्या अत्याचाराला ती लावल्यास गुन्हा झाकला जातो. बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार बंधनकारक आहे. तेथे एकांतातील समजावणीला स्थान नाही. कॅथोलिक धर्मविधीतील कलम १४४६ आजही खटले टाळून समेट करण्यास सांगते. पण समेटाचे क्षेत्र तंट्यांचे आहे, गुन्ह्यांचे नव्हे.

निष्कर्ष

१) आदिख्रिस्ती कलहनिवारणात एकांत, साक्ष व सभा असा क्रम आहे. क्रम उलटला की शिस्तीची जागा बदनामी घेते.
२) दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐकणे, गरिबाचा मान राखणे व अधिकाऱ्यालाही जाब विचारणे, ही न्यायतत्त्वे त्यात आढळतात.
३) शिक्षेला मुदत व परतीची वाट असणे, हे या शिस्तीचे व्यवच्छेदक लक्षण होय. ज्या शिक्षेत परतीची वाट नाही, ती कोणत्याही धर्माच्या नावाने झाली तरी बहिष्कारच होय.
४) समूहाचा निवाडा राज्याच्या कायद्याला पर्याय होऊ शकत नाही. गुन्हा असेल तेथे कायदा, आणि तंटा असेल तेथे समेट, ही विभागणी गावकीने व मंडळीने सारखीच पाळणे आवश्यक आहे.

रायगड किनाऱ्यावरील गावे लहान आहेत. विहीर, वाट, बंदर आणि स्मशान सर्वांनाच वापरावे लागते. अशा ठिकाणी भांडणानंतर पहिले पाऊल सभेकडे न पडता शेजाऱ्याच्या दाराकडे पडावे, एवढा एक धडा जरी या प्राचीन मार्गदर्शनातून घेतला, तरी अनेक कुटुंबे वाळीत पडण्यापासून वाचू शकतील.