मुद्दल हलवायचे नाही

दोन हजार कार्षापण नाण्यांवर दरमहा शेकडा एक दराने महिन्याचे व्याज होते वीस कार्षापण, वर्षाचे 240. वर्षावासाला राहिलेल्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे, तर लागतात तेही 240. मुद्दल, दर, भिक्खूंची संख्या आणि प्रत्येकाची रक्कम, हे चारही आकडे नाशिकच्या पांडवलेण्यांत, दहाव्या लेण्याच्या ओसरीत, सुमारे 1900 वर्षांपूर्वी कोरलेले आहेत. गुणाकार आपण करायचा, आणि तो एका नाण्याचाही फरक न पडता जुळतो! दगडावर एवढा चोख ताळेबंद वाचताना अंगावर काटा येतो.

दाता होता उषवदात, क्षत्रप नहपानाचा जावई. त्याने हे लेणे संघाला दिले आणि सोबत तीन हजार कार्षापणांची ठेवही. ही रोकड त्याने संघाच्या हाती दिली नाही, गोवर्धन नगरातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघटनांकडे, गुंतवली. ते गोवर्धन आजही नाशिकच्या गंगापूर रस्त्यावरचे गाव आहे. एका श्रेणीकडे दोन हजार, शेकडा एक दराने. दुसरीकडे एक हजार, शेकडा पाऊण दराने. अट अशी की मुद्दल परत करायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. हा सगळा व्यवहार निगमसभेत जाहीर करून फलकावर नोंदवला, असेही लेख सांगतो.

आता विणकरांच्या बाजूने विचार करा. वर्षाला शेकडा बारा व्याज कायमचे देत राहायचे, तर त्या पैशावर त्याहून जास्त कमाई व्हायला हवी. सूत घ्यायचे, माग चालवायचे, कापड विकायचे आणि व्याज देऊन वर चार पैसे उरवायचे. एवढे कापड जात कुठे होते? लेख त्याबद्दल काही बोलत नाही. पण त्याच उषवदाताने कुठे काय बांधले ते वाचले की पश्चिमेकडे पाहावेसे वाटते. भरुकच्छ (आजचे भरुच), दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक म्हणजे आपले सोपारे, या ठिकाणी त्याने विश्रामगृहे उभारली. तापी, दमणा, पारदा, डहाणुका अशा नद्यांवर फुकट नावा ठेवल्या. हे त्याने पुण्यासाठी केले, आणि त्याच्या श्रद्धेवर शंका घेण्याचे कारण नाही. तरीही या नद्या नकाशावर जोडून पाहा. भरुचपासून सोपाऱ्यापर्यंतची किनारपट्टीची वाट डोळ्यांसमोर उभी राहते. सोपारे-कल्याणहून थळ घाट चढून आले की गोवर्धन.

त्या किनाऱ्यावर काय उतरत होते, ते इजिप्तमधल्या एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने लिहून ठेवले आहे. पहिल्या शतकातल्या त्याच्या ‘पेरिप्लस’ या सागरी मार्गदर्शिकेत भरुच, सोपारे, कल्याण, पैठण आणि तगर म्हणजे तेर, सगळे आहे. जहाजे जुलैच्या सुमारास इजिप्तमधून निघत आणि मोसमी वाऱ्यावर स्वार होऊन थेट अरबी समुद्र ओलांडत. येताना इटलीची दारू, तांबे, कथील, पोवळी आणि सोन्याचांदीची नाणी. जाताना पैठणचे गोमेद, तेरचे सुती कापड. पैठण-तेरचा माल गाड्यांतून, रस्ता नसलेल्या मुलखातून भरुचला पोचे.

या पुस्तकातली मला सर्वांत विलक्षण वाटलेली नोंद कल्याणची आहे. तिथे चुकून एखादे ग्रीक जहाज लागले, तर पहारा बसवून ते भरुचला नेले जाई. सत्तेने व्यापार जबरीने आपल्या बंदराकडे वळवायचा, हाच खेळ पुढे पोर्तुगीज खेळले. 1534 मध्ये त्यांनी सोपाऱ्याशेजारचे वसई घेतले, आणि या समुद्रात जहाज हाकायला त्यांचा परवाना, कार्ताझ, घ्यावा लागे. रोममधला प्लिनी तर ‘पेरिप्लस’च्या काळातच तक्रार करत होता, की भारत दरवर्षी आमचे पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो. सोने देशाबाहेर जाता कामा नये, ही युरोपातल्या वाणिज्यवादाची चिंता सोळाव्या-सतराव्या शतकात धोरण बनली. तिचा सूर इथेच ऐकू येतो.

1602 मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनी उभी राहिली. तिचे भांडवल पुढे कायमचे झाले: भागधारकाला हिस्सा विकता येई, पैसे परत मागता येत नसत. गोवर्धनच्या ठेवीचे आणि या भांडवलाचे नाते मला इथे दिसते. तरी गोवर्धनच्या व्यवस्थेला मी भांडवलशाही म्हणणार नाही. इथल्या ठेवीचा हिस्सा बाजारात विकता येत नव्हता, आणि तिचे व्याज पुन्हा मुद्दलात न मिसळता भिक्खूंच्या अंगावर वस्त्र होऊन जाई. पण रक्कम खर्चून न टाकता तिला कायम राबवत ठेवायचे, ही कल्पना इथे पूर्ण रूपात आहे.

आणि ती टिकली. नहपानाचा पराभव सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने केला. 1906 मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभीला नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांवर ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी अशा तीन लिप्या आहेत. त्यांतल्या दोनतृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला आहे. पुढे सातवाहनही गेले, आभीर आले. तिसऱ्या शतकात, आभीर राजा ईश्वरसेनाच्या नवव्या वर्षी, विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने आजारी भिक्खूंच्या औषधासाठी ठेव ठेवली, ती पुन्हा गोवर्धनच्याच श्रेणींकडे. तिच्या यादीत पाण्याची यंत्रे करणारे आहेत, तेली आहेत. तीन राजवटी झाल्या तरी गोवर्धनच्या कारागिरांची पत शाबूत होती.

हा लेखही दहाव्या लेण्यापाशीच आहे. पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढाल, तेव्हा मूर्तींइतकाच वेळ या अक्षरांनाही द्या, आणि त्यांना हात मात्र लावू नका.